घंटा न वाजलेला राऊंड

ते मोबाईल ठेवा खाली आधी. आणि "कोण जिंकलं असतं" हा खेळ या हॉलमध्ये पुन्हा खेळायचा नाही. का? सांगतो. पण मध्ये खी खी केलंत तर उठून जाईन.

आपल्या बॉक्सिंग हॉलचा घंटावाला माझा जुना दोस्त. त्याचा थोरला भाऊ, दादा, एकेकाळचा हेवीवेट चॅम्पियन. त्याच काळात आणखी एक होता. पुढच्या दाताला सोन्याचं टोपण, म्हणून सोनदात्या. दोघांची लढत ठरली, आणि आठवडाभर आधी सोनदात्या अपघातात गेला. झालं! तेव्हापासून आम्ही भांडतोय. प्रॅक्टिस संपली की म्हातारी मंडळी रिंगभोवती बसायची आणि जुन्या चॅम्पियनांच्या जोड्या लावायची. एकानं तोंडी लढत सांगायची, घंटावाल्यानं खरी घंटा द्यायची. सुरू केलेला राऊंड घंटेनंच संपवायचा, हा नियम मात्र कडक.

गेल्या मार्चमधला शेवटचा शनिवार. त्या संध्याकाळी आम्ही दादा आणि सोनदात्याची जोडी लावली. घंटा झाली. दोन ठोसे सांगून होतायत तोच वहिनींचा फोन, दादा कोसळला. घंटावाला होता तसा पळाला. मी हॉलला कुलूप अडकवलं आणि त्याच्या मागोमाग गेलो.

डॉक्टर हृदयाचं म्हणाले, सकाळी हॉस्पिटलात हलवू म्हणाले. रात्री दीडच्या सुमाराला वहिनी घंटावाल्याला म्हणाल्या, "भाऊजी, गोळ्या संपल्यात. तेवढ्या घेऊन या ना."

दादाची मान उशीवर हिसके खात होती. डावीकडे. उजवीकडे. बरगडीवर काळेनिळे डाग. "पडताना लागलं असेल," वहिनी म्हणाल्या. पण संध्याकाळी एकच डाग होता. आता तीन होते.

पुढचं त्यानं मला सांगितलं, तसं सांगतो. औषधाच्या दुकानात पैसे काढायला खिशात हात घातला, तर हाताला लागली घंटेची हातोडी. राऊंड संपवायचा राहिला होता! संध्याकाळपासून चालूच होता.

गोळ्या तिथेच टाकून तो हॉलकडे धावला. बाहेर कुलूप. आत... धप्. धप्. बूट घासल्याचा आवाज. कोणीतरी धापा टाकत होतं. ती धाप त्यानं ओळखली. लहानपणी एकाच अंथरुणात झोपलेले भाऊ ते.

त्याच्याजवळची किल्ली कुलपाला लागेना.

"अरे, सोड त्याला! म्हातारा झालाय रे तो! पाया पडतो तुझ्या... माझ्या दादाला सोड!"

दार उघडलं. दिवा लागेना. चाचपडत घंटेपाशी गेला. मागे दोर करकरले. धप्. हातोडी हातातून निसटली. गुडघ्यांवर बसून शोधली, रडत, शिव्या देत. धप्...

सापडली. मारली.

ठण्ण!

मग काहीच नाही... एक श्वाससुद्धा नाही.

तो घरी आला तेव्हा दादा उशीला टेकून बसला होता. ओठ फाटलेला. मी जवळच होतो, म्हणून ऐकलं. धाकट्याचा हात धरून तो म्हणाला, "किती उशीर केलास रे, छोट्या." रागानं नाही. हसून म्हणाला.

पहाटे गेला.

हो, गेला. माझा दोस्त अजून म्हणतो, खिशात हात आधी का नाही घातला मी.

दुसऱ्या दिवशी हॉल मीच उघडला. रिंगमध्ये, समोरच्या कोपऱ्यात, दोराखाली काहीतरी चमकलं. वाकून उचललं.

दात होता. सोन्याचं टोपण घातलेला.

मुळाशी रक्त होतं... अजून ओलं.