पितळी बूच

"बुडवा! बुडवा!" धक्क्यावरची गर्दी घसा फोडून ओरडत होती आणि ओडालिसचे आजोबा खरंच बुडत होते!

हे फक्त ओडालिसच्या लक्षात आलं होतं. बाकी सगळे गलबतावरून येणाऱ्या मण्यांच्या माळा झेलण्यात दंग होते. पेलिकन पॉइंट गावचा चाच्यांचा दिवस म्हणजे सकाळपासून नुसता दंगा! गलबतावर गावचेच लोक मिशा चिकटवून चाचे झालेले, तोफांचा धूर, आणि गलबतामागे दोराला बांधलेल्या छोट्या होडीत दरवर्षीप्रमाणे एक कैदी. चाच्यांनी कैद्याला हात बांधून मिरवायचं, कैद्यानं "वाचवा!" म्हणून बोंब ठोकायची आणि गावानं "बुडवा!" म्हणून उत्तर द्यायचं. यंदा कैदी होते एवारिस्तो आजोबा.

"काय भारी ओरडतायत आजोबा!" तिचा मामेभाऊ ब्रूनो म्हणाला. त्याच्या गळ्यात इतक्या माळा होत्या की मान दिसत नव्हती.

"अरे, पण होडीची मागची बाजू बघ. मघाशी पाण्याच्या वीतभर वर होती, आता काठाला पाणी लागलंय."

"आजोबा जाडे आहेत ना!" ब्रूनो खिदळला.

"गप रे! सकाळीही तेवढेच जाडे होते." शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीनं, टॅमसिननं, त्याच्या डोक्यात टपली मारली. त्याच्या माळा खळकन हलल्या आणि त्यांत काहीतरी चकाकलं.

ओडालिसनं झडप घालून ते धरलं. अंगठ्याएवढं पितळी बूच, दोऱ्यात ओवलेलं!

"हे कुठं मिळालं तुला?"

"माझा खजिना आहे तो! मघाशी उतारावर पडलेला होता. हॅडलीकाकांनी होडी पाण्यात सोडली ना, तिथं."

होडी गाडीवर चढवली की आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून मागच्या भोकाचं बूच काढून ठेवतात. पाण्यात सोडताना ते आठवणीनं परत बसवायचं. पेलिकन पॉइंटमधल्या निम्म्या लोकांनी जन्मात एकदा तरी ते विसरून आपली होडी गाळात घातली आहे आणि वर इतरांच्या फजितीला हसले आहेत. पण त्या होड्यांत हात बांधलेला माणूस नव्हता! आजोबा तर मधल्या खांबाला बांधलेले होते. वर, सोंग बिघडेल म्हणून चाच्यांचे कप्तान झालेल्या हॅडलींनी त्यांना तरंगतं जाकीटही घालू दिलं नव्हतं.

"बूच! अरे गाढवांनो, बूच!" आजोबांचा आवाज फाटला होता. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. कप्तान हॅडली, एरवीचे दातांचे डॉक्टर, गलबताच्या नाकावर उभं राहून हॅट हलवत होते. मागं बघायला त्यांना सवड कुठली!

ओडालिसनं बूच दोऱ्यातून तोडून घेतलं आणि तिघं गर्दीतून कोपरं मारत धक्क्याच्या टोकाला पळाली. तिथं हातात वेळापत्रक घेऊन लोमॅक्सकाका उभे होते. सोहळ्याची सगळी सूत्रं त्यांच्याकडे.

"काका, होडीत पाणी शिरतंय! माझे आजोबा बुडतील, गलबत थांबवा!"

"वा! काय अभिनय आहे, पोरी!" लोमॅक्सकाकांनी तिच्या गळ्यात एक हिरवी माळ टाकली. "आजोबांचीच नात शोभतेस."

"काका, खरंच! हे बघा बूच!"

"हो का? छान छान. आता बाजूला हो बघू, बाराला पांढरं निशाण चढवायचंय."

घड्याळात अकरा पस्तीस झाले होते. ओडालिसचं रडू फुटायच्या बेतात होतं. आज कोण खरं मानणार? ओरडलं तर नाटक, रडलं तरी नाटक! तिची नजर निशाणाच्या काठीकडे गेली. गाव शरण आलं की पांढरं निशाण चढतं. ते दिसलं की तोफा थांबतात, चाचे कैद्याला ओढून धक्क्यावर सोडतात. दरवर्षी हेच.

"टॅमसिन," ती कुजबुजली, "मग नाटकच करू या. काकांना गुंतव."

टॅमसिनला दोनदा सांगावं लागत नाही. "अगंबाई! काका, तुमच्या तोफेच्या तोंडात पेलिकन घुसतोय!"

"काय? हुश्श! हुश्श!" वेळापत्रक हलवत काका धावले.

ब्रूनोनं काठीखालच्या पेटीतून निशाण ओढलं, ओडालिसनं दोरी खेचली. पांढरं निशाण सरसर वर गेलं. तोफा गप्प झाल्या. गलबतावर क्षणभर गोंधळ उडाला, मग कप्तान हॅडलींनी तलवार उगारली. "गाव शरण आलं! कैद्याला आणा रे!"

"अरे, अजून पंचवीस मिनिटं आहेत!" लोमॅक्सकाका किंचाळले, पण ऐकतो कोण!

गलबत धक्क्याकडे वळलं. चाचे दोर ओढू लागले. होडी जड झाली होती, हलता हलेना. पाणी आजोबांच्या छातीशी आलं. ओडालिस ओठ चावत मनात अंतर मोजत होती. दहा हात... सहा हात... आणि तिनं सरळ उडी मारली!

गार पाण्यात हात घालून तिनं तळाशी भोक चाचपलं. बोटं बधिर झाली होती. एकदा बूच निसटलं. दुसऱ्यांदा तिनं ते दाबून, पिळून घट्ट बसवलं. तोवर दोन चाच्यांनी आजोबांच्या गाठी कापल्या आणि दोघांना वर ओढलं.

आता कुठं गर्दीतली एक बाई ओरडली, "अगं, हे खरं होतं!"

कप्तान हॅडलींची अर्धी मिशी गळून पडली होती. "एवारिस्तो, मी... बूच... मी विसरलो."

"वीस मिनिटं खरं बोंबलतोय मी," आजोबा कुडकुडत म्हणाले, "आणि हे माळा फेकतायत! एक तर डोळ्यावर बसली."

नगराध्यक्ष प्रूइटबाई पुढं आल्या. चाच्यांना द्यायची गावाची भलीमोठी किल्ली त्यांनी तिघांच्या हाती ठेवली. "आज गाव या मुलांनी जिंकलं," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षीपासून कैद्याच्या अंगात जाकीट असेल. बूच मी स्वतः तपासणार."

लोमॅक्सकाकांनी खाली मान घालून वेळापत्रक खिशात कोंबलं. "पोरी, चुकलो मी. तू खरं सांगत होतीस."

ओडालिसनं मान हलवली. आजोबांचा ओला हात तिच्या डोक्यावर आला आणि इतका वेळ दाबून धरलेलं रडू एकदम बाहेर पडलं. ती त्यांना घट्ट बिलगून हमसून हमसून रडली. या वेळी कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

"ब्रूनो," थोड्या वेळानं आजोबा म्हणाले, "तुझा खजिना गेला रे होडीच्या भोकात."

"राहू दे तिथंच," ब्रूनो म्हणाला. "तिथंच शोभतो तो."