मिठाचं रिंगण

“तुला बुडवायला माझी गरज नाही पडायची, टॅम्सिन. तुझं जवळचंच कुणीतरी बुडवेल. डोळे उघडे ठेव.”

सासूनं हे सांगितलं ते घटस्फोटाच्या दिवशी, कोर्टाच्या पायऱ्यांवर, हातमोजे चढवता चढवता. टॅम्सिननं ते एका कानानं ऐकलं नि दुसऱ्यानं सोडून दिलं. एरवी ती सगळ्यालाच घाबरणारी बाई. दोन वर्षांची आयव्ही झोपली, की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघणारी. पण सासूच्या बोलण्याला भ्यायचं नाही, एवढा एक निश्चय तिनं केला होता.

तो निश्चय महागात पडला.

साउइनच्या, ऑक्टोबरअखेरच्या सणाची ती रात्र टॅम्सिननं ब्रिस्टॉलला बहिणीकडे काढली. तिथे नोकरीची मुलाखत होती, आयव्हीही बरोबर होती. सकाळी दोघी ट्रेवेलॉकला, आपल्या गावी परतल्या तेव्हा दाराशी बालकल्याण खात्याची बाई आधीच उभी होती. घर बघून ती शुक्रवारी कोर्टात अहवाल देणार होती: आयव्ही आईकडे राहील की आजीकडे. बापानं ताबा मागितलाच नव्हता. आजी, म्हणजे सासू विनिफ्रेड हॉकिन, शेजारीच उभी होती, ओठ आवळून.

टॅम्सिननं कुलूप काढलं, स्वयंपाकघराचं दार ढकललं, आणि मागच्या मागे कडेवरच्या आयव्हीचा चेहरा आपल्या खांद्यात दाबला.

फरशीवर मिठाचं मोठं रिंगण होतं. आत लाल रंगात काढलेली पाच टोकांची चांदणी, टोक खाली. चार काळ्या मेणबत्त्या. मधोमध गळा चिरलेला कोंबडा, शेजारी टॅम्सिनचाच काळ्या मुठीचा सुरा, लालभडक. आणि कोंबड्याच्या पंखाखाली आयव्हीचा पिवळा लोकरी मोजा.

खात्याच्या बाईनं फोटो काढले. तासाभरात आयव्ही आजीच्या गाडीत बसून गेली. शुक्रवारपर्यंत, असं सांगण्यात आलं. गाडीच्या काचेला चिकटलेला तिचा तळवा टॅम्सिनला वळणापर्यंत दिसत होता.

*

वकिलानं पाठवलेली ऑनर पेंगेली दुपारी आली. साठीची, बुटकी, पावसाळी बूट घातलेली खासगी गुप्तहेर. रविवारी न चुकता चर्चला जाणारी. ही आपल्यावर काय विश्वास ठेवणार, असं टॅम्सिनला वाटलं.

“आधी हे सांग,” ऑनर बूट पुसत म्हणाली, “सैतानाशी तुझं काय नातं?”

“काहीच नाही. आम्ही विक्का पंथातले, निसर्ग पूजणारे लोक त्याला मानतसुद्धा नाही. तो तुमच्याकडचा.”

“बरं झालं. एक संशयित कमी.”

टॅम्सिनला हसू आलं नाही. ऑनर सरळ मीठ ओलांडून रिंगणात गेली आणि गुडघ्यांवर बसली. टॅम्सिननं अभावितपणे दात आवळले. मग ती वळसा घालून, भांड्यांच्या कपाटाच्या बाजूनं आत आली.

“तिकडून का?”

“तिकडे दार आहे.”

“मला तर मीठच दिसतंय.”

“बघा ना, तिथे जाड आहे. रिंगणातून बाहेर पडायचं, तर एका जागी वाट उघडायची आणि मागे पुन्हा लावून घ्यायची. रेघ ओलांडून जात नसतात.” टॅम्सिनचं लक्ष मात्र चांदणीकडे होतं. “पण बाकी सगळं बघा. आमच्या मंडळात अशी उलटी चांदणी कुणी काढत नाही. हा सुरा तर काही कापायसाठी नसतोच. हवेत रिंगण आखायला असतो. याला धारच नाही.”

ऑनरनं सुऱ्याची कड स्वतःच्या अंगठ्यावर जोरात ओढली. ओरखडाही उठला नाही. मग तिनं पात्यावरचा लाल थर नखानं खरवडला.

“रक्त वाळलं की तपकिरी होतं, पोरी. हे लालच्या लाल आहे. रंग आहे हा.”

“म्हणजे ज्यानं केलं, त्याला आमच्यातलं ओ की ठो कळत नाही. लोक आमच्याबद्दल जे जे बोलतात, ते सगळं गोळा करून इथे मांडलंय.”

“हं,” ऑनर म्हणाली. तिनं मोजा उचलून नाकाशी धरला आणि टॅम्सिनपुढे केला. “कसला वास?”

“धुराचा.”

“तुझ्याकडे तर गॅसची शेगडी आहे. हा मोजा शेवटचा कधी पाहिलास?”

टॅम्सिन आठवत राहिली. रोज तिच्या पायात मोजे चढवणारी आई ती, आणि नेमकं आठवेना. “दोरीवर वाळत असेल. लहान मुलांचे मोजे... जोडी कधी राहते का?”

“किल्ली कुणाकुणाकडे?”

“एक माझ्याकडे. एक दाराशी, कुंडीखाली. ती सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“तुमच्या मंडळातले लोक काल कुठे होते?”

“सगळे समुद्रकाठी, सणाला. फक्त मी नव्हते, आणि डॉर्कसमावशी नव्हती. तिचा गुडघा धरलाय.”

*

विनिफ्रेडच्या घरात पाऊल टाकताच गालिच्याचा आणि मेणाच्या पॉलिशचा वास आला. आयव्ही वरच्या खोलीत झोपली होती. टॅम्सिनला जिन्याजवळ जायची परवानगी नव्हती. ती जिन्याकडे तोंड करून बसली.

“मी काय सांगणार?” विनिफ्रेड म्हणाली. “मला सगळं माहीतच होतं. नागव्यानं नाचतात, मांजरं पाळतात, दुसऱ्याच्या दुधाला नजर लावतात.”

“माझ्याकडे मांजर नाहीये,” टॅम्सिन म्हणाली. “आयव्हीला शिंका येतात.”

“शिंका कशानं येतात ते देव जाणे.”

ऑनरनं हात चोळले. “गारठा आहे. शेकोटी पेटवत नाही?”

“चिमणी कधीच बुजवून टाकली. काजळी कोण साफ करणार? भिंतीतले गरम नळ बरे.”

“नाताळचा कोंबडा बाजारातून आणता?”

“छे, स्वतः मान मुरगळते. माझ्या आईनं शिकवलंय.” विनिफ्रेडनं डोळे बारीक केले. “पण तो मी मारला नाही, हे लिहून ठेवा. मला नात हवी आहे. पण ती भेदरलेली नको.”

निघताना तिनं टॅम्सिनला दारात थांबवलं. “मी तुला बजावलं होतं.”

“धमकी दिली होती.”

“तू तसं समजलीस,” विनिफ्रेड म्हणाली आणि दार लावून घेतलं.

*

कोंबडा शेजारच्या डेन्झिलचा निघाला. तो अंगणात सायकल उलटी करून बसला होता.

“ये चेटकिणी. केरसुणी कुठे लावलीस? रस्त्यात नको, दंड करतात.”

“डेन्झिल, आज नको.”

“बरं, बरं.” त्याचा चेहरा उतरला. “आयव्हीचं ऐकलं. वाईट झालं बघ. पण तो कोंबडा म्हणजे आमचे कर्नलसाहेब. त्यांना कुणी मारायची गरजच नव्हती. वयानं गेले. मी सणाच्या आदल्या दिवशीच त्यांना उकिरड्यावर टाकलं होतं.”

“तिथून कुणीही उचलू शकलं असतं?” ऑनरनं विचारलं.

“उकिरड्याला कुंपण घालतं का कुणी?”

ऑनर त्याच्या स्वयंपाकघरात डोकावली. विजेचा हीटर घरघरत होता. चुलीच्या कोनाड्यात टीव्ही ठेवलेला होता.

*

डॉर्कसमावशीचं घर टेकडीखाली, गावातलं शेवटचं. टॅम्सिनला पंथात आणलं ते तिनं. आयव्ही जन्मली त्या रात्री टॅम्सिनचा हात धरून बसली ती. रोज दुपारी आयव्हीला सांभाळायची तीच. दार उघडताच तिनं टॅम्सिनला छातीशी धरलं आणि टॅम्सिनला दिवसभरात पहिल्यांदा रडू फुटलं.

“माझी राणी. ये, ये. केशराचा पाव आहे, चहा टाकते.”

चुलीत सफरचंदाच्या फांद्या जळत होत्या. वर दोरीला पुदिना आणि ओवा वाळत होते.

“आयव्हीचा फार लळा ना तुम्हाला?” ऑनरनं पावाला लोणी लावत विचारलं.

“लळा? अहो, पोरगी आली की डबक्यात उडी ठरलेली. कपडे, मोजे, सगळं ओलंचिंब. या दोरीवर वाळवून मगच घरी पाठवते.” डॉर्कस हसली आणि लगेच थांबली. “मुलाखत कशी झाली गं?”

“नोकरी मिळाली, मावशी. जानेवारीपासून. पण आयव्हीच नसेल तर मी तिथे जाऊन काय करू?”

“होईल ते भल्यासाठीच होईल,” डॉर्कस म्हणाली, आणि कपात साखर घालून ढवळू लागली.

बाहेर आल्यावर टॅम्सिन म्हणाली, “सासूच असणार. दुसरं कुणाला आयव्ही हवी आहे?”

ऑनरनं मागे वळून धुराड्याकडे पाहिलं. “उद्या दुपारी सगळ्यांना तुझ्या घरी बोलाव. खात्याच्या बाईंनाही. आणि टॅम्सिन, जेवून घे. तुला बळ लागेल.”

*

गुरुवारी स्वयंपाकघरात रिंगण होतं तसंच होतं. विनिफ्रेड, डेन्झिल, डॉर्कस आणि खात्याची बाई भिंतीला टेकून उभे होते.

“एक छोटी मदत करा,” ऑनर म्हणाली. “मी तो सुरा मध्ये ठेवते. एकेकानं आत जाऊन तो आणा, आणि पुढच्यासाठी मी परत ठेवीन. मिसेस हॉकिन, आधी तुम्ही.”

विनिफ्रेड मीठ तुडवत गेली आणि तशीच आली. डेन्झिलनं उडी मारली, “कर्नलसाहेब, माफी असावी,” म्हणत. डॉर्कस पुढे झाली. दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत ती सगळं रिंगण वळसा घालून कपाटाच्या बाजूला गेली, वाकली, जाड मीठ हातानं बाजूला सारलं, आत गेली. येताना पुन्हा वाकून मीठ लावून घेतलं.

मग तिनं मान वर केली, आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे तिच्या लक्षात आलं.

“सवय आहे,” ती म्हणाली. “आमच्यात तसंच करतात.”

“तेच तर,” ऑनर म्हणाली. “इथे ज्यानं हे मांडलं, त्यानं परक्यांचे सगळे गैरसमज व्यवस्थित वापरले. उलटी चांदणी. काळ्या मेणबत्त्या. बळी. रक्ताळलेला सुरा. टॅम्सिन मला म्हणाली, हे करणाऱ्याला यांच्यातलं काहीच कळत नाही. मलाही तसंच वाटलं असतं, पण परक्या माणसानं हे रिंगण घातलं असतं तर तो पाय उचलून बाहेर पडला असता. मी तशीच पडले. मिसेस हॉकिनही. इथे कुणीतरी काम झाल्यावर दार उघडलं, बाहेर आलं आणि दार लावून घेतलं. खोट्या रिंगणाचंसुद्धा. टॅम्सिनला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण तिनंही तेच केलं असतं.”

टॅम्सिननं डॉर्कसकडे पाहिलं.

“दुसरी गोष्ट कोंबडा. तो मेलेलाच आणला होता, म्हणून फरशीवर रक्ताचा थेंब नाही आणि सुऱ्यावर रंग लावावा लागला. मिसेस हॉकिन दर नाताळला मान मुरगळतात. त्यांना उकिरडा उपसायची गरज नव्हती. हे अशा माणसाचं काम आहे ज्याला जीव घेणं जमत नाही. कुणाला इजा करायची नाही, हा यांचा पहिला नियम ना, टॅम्सिन?”

टॅम्सिननं मान हलवली.

“मंडळातले सगळे त्या रात्री समुद्रकाठी होते. दोघी नव्हत्या. एक ब्रिस्टॉलला होती. आणि शेवटी हा मोजा. याला लाकडाच्या धुराचा वास आहे. टॅम्सिनकडे गॅस, मिसेस हॉकिनकडे नळ, डेन्झिलकडे वीज. या चौघांत चूल पेटते ती एकाच घरात, आणि त्याच चुलीवर आयव्हीचे मोजे वाळतात.”

डॉर्कस हळूच खुर्चीवर बसली. ती ऑनरकडे बघत नव्हती.

“तू तिला घेऊन निघाली होतीस,” ती टॅम्सिनला म्हणाली. “इतक्या लांब. मला विचारलंसुद्धा नाहीस. विनिफ्रेडला या वयात पोर झेपणार नव्हतं. दुपारी तिनं माझ्याकडेच आणून सोडली असती.”

“त्यांनी आयव्हीला माझ्या कडेवरून उचलून नेलं, मावशी.”

“चार दिवसांत तिला आठवलंही नसतं.”

“आणि मी?”

डॉर्कसनं हातावरचं मीठ झटकलं.

“मी काल तुझ्या खांद्यावर रडले,” टॅम्सिन म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “आणि तू मला पाव खाऊ घातलास. लोक आम्हाला काय काय म्हणतात, ते ऐकून मी घरी आले की तूच मला समजवायचीस, माहीत नसतं म्हणून बोलतात बिचारे. तुला तर माहीत होतं.”

खात्याच्या बाईनं वही मिटली आणि घसा साफ केला. अहवाल पुन्हा लिहीन, म्हणाली. विनिफ्रेड बाहेर गेली आणि गाडीत झोपलेल्या आयव्हीला घेऊन आली. टॅम्सिनच्या हातात देताना एवढंच पुटपुटली, “नोकरीचं पहिल्यांदा बोललीस ना चर्चच्या जत्रेत, तेव्हा डॉर्कसचा चेहरा मी पाहिला होता. तू माझं ऐकणार नाहीस हे ठाऊक असूनही सांगितलं.”

*

टॅम्सिन आता ब्रिस्टॉलला असते. आयव्ही डबकी शोधते, मोजे गॅसच्या उबेला वाळतात. किल्ली ती गळ्यात घालते. दुसरी किल्ली तिनं कुणालाच दिलेली नाही, आणि कुणी आयव्हीला उचलून घेतलं की तिचे हात आपोआप पुढे होतात.

मंडळानं डॉर्कसला बोलावणं सोडलं. गाव तर आधीपासूनच तिच्याकडे जात नव्हतं. टॅम्सिनही जाणार नाही. तिनं डॉर्कसला क्षमा केलेली नाही, आणि करेल असं तिला वाटत नाही. पण थंडी पडली की रात्री आयव्हीच्या नाकाशी बोट धरताना तिला टेकडीखालचं ते घर आठवतं, आणि तो गुडघा, आणि लाकडं फोडायला कुणी नसणं.

म्हणून जो भेटेल त्याला ती सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: कधी ट्रेवेलॉकच्या बाजूला गेलात, तर गावातल्या शेवटच्या घराकडे एकदा बघा. माझं नाव घेऊ नका. आत जायचीही गरज नाही. नुसतं धुराड्यातून धूर येतोय का, तेवढं बघा.

येत नसला, तर मात्र दार वाजवा.