एकतीस वेळा लावलेला फोन

आईच्या शेवटच्या दिवशी भावाने बहिणीला एकतीस वेळा फोन लावला. परदेशात बहिणीच्या पिशवीतला फोन एकदाही वाजला नाही.

बहीण भिंगे घासणारी कारागीर. तीन दिवसांच्या कामासाठी गेली होती. परतली तेव्हा सारे आटोपले होते.

"दादा खोटं बोलतोय," ती स्वतः बोलावलेल्या खासगी तपासनिसाला म्हणाली. "आईनं बोलावलं असणार, यानं कळवलंच नाही. तसं निघालं तर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही."

तपासनिसाने तिचा जुना, बटणांचा फोन चाळला. "मेसेज पुसता का?"

"एकही नाही. चार वर्षांचे आहेत."

"तिथे रेंज बघितलीत?"

"तपासून घेतलेला फोन कोण बघत बसतं? सोबतिणीचा नवाकोरा फोन शेजारीच वाजत होता. सिमकार्ड दोघींचं एकाच कंपनीचं."

"दाजी, भाऊच लबाड," तपासनिसाच्या हाताखाली काम करणारा त्याचा मेहुणा जिन्यातच म्हणाला.

"तुम्ही न्यायाधीश झाला नाहीत, हे लोकांचं नशीब."

भावाने आपल्या फोनमधल्या एकतीस नोंदी दाखवल्या. "ती जाण्याआधी मोबाईलच्या दुकानात मीच तपासून घेतलं. 'परदेश सेवा सुरू' असा मेसेज आला. दुकानदारानं पडदा समोर धरला, मी स्वतः वाचला." त्याचे डोळे कोरडे होते, रडून झाले होते.

दुकानदाराच्या टेबलावर एक फोन उघड्या पाठीने पडला होता. "रोज वीसेक कार्डं तपासतो, साहेब. चुटकीसरशी!"

संध्याकाळी भावंडे समोरासमोर बसली, एकमेकांकडे न बघता.

"तो मेसेज ताईंच्या फोनमध्ये नाही," तपासनीस म्हणाला, "आणि त्या काही पुसत नाहीत. म्हणजे तो दुसऱ्या फोनवर आला. दुकानदार कार्ड काढून टेबलावरच्या स्वतःच्या फोनमध्ये घालतो. त्याची पाठ म्हणूनच उघडी. विचारल्यावर त्यानं मान्य केलं. कार्ड ठीकच होतं. पण ताईंचा फोन फक्त जुन्या नेटवर्कवर चालतो, आणि त्या देशात ते बंद झालंय. मी खात्री करून घेतली. सोबतिणीचा फोन नवा, म्हणून वाजला."

"मग गुन्हेगार कोण?" मेहुण्याने विचारले.

"कुणीच नाही."

बहिणीने प्रथमच भावाकडे पाहिले. "आई काय म्हणत होती?"

"तुझा आवाज ऐकायचाय म्हणाली. मी प्रत्येक वेळी सांगत होतो, आता लागेल."

तपासनिसाने अहवालात एकच ओळ लिहिली: कार्ड तपासले गेले, ते ज्या फोनमध्ये चालवायचे होते, तो फोन कोणीही तपासला नाही.