वस्ती शून्य

वेणापूरच्या घंटागाडीवरचं गाणं आपोआप वाजायचं. ड्रायव्हरला बटण दाबावं लागत नसे. गाडी वस्तीत शिरली की नकाशाच ते सुरू करायचा आणि वस्ती संपली की बंद करायचा. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी गाडी जुन्या जिनिंगच्या फाटकाजवळ आली आणि गाणं मध्येच तुटलं. कचऱ्याच्या बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोरून गाडी न थांबता निघून गेली. काहीतरी बिघाड असेल, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्या आठवड्यात पाण्याचा टँकरही आला नाही.

कापसातून सरकी वेगळी करणारा तो कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती. त्याच्या सहा लांबलचक टिनाच्या शेडमध्ये आता साठेक कुटुंबं राहत होती. बाजारातून फाटका बारदाना, म्हणजे रिकामी पोती, आणायचा, त्याला ठिगळं लावून शिवायचं आणि पुन्हा बाजारात पाठवायचं, हे त्यांचं काम. ते सगळं शेडच्या आतच चाले, कारण ऊन लागलं की सुतळी कडक होते.

तिथलाच शेषराव मसराम चौथ्या आठवड्यात महापालिकेत आला आणि ज्योत्स्ना ढोकेच्या टेबलासमोर उभा राहिला. ज्योत्स्ना नगररचना विभागात उपअभियंता होती. शेषराव त्याच विभागात रोजंदारीवर चेनमन होता. मोजणीच्या वेळी साखळी किंवा टेपचं एक टोक धरून पुढं चालायचं, काटेकुटे तुडवत हद्दीच्या दगडापर्यंत पोचायचं आणि तिथून आकडा ओरडून सांगायचा, हे त्यानं एकोणीस वर्षं केलं. नवा नकाशा आला आणि मोजणीच बंद झाली. तेव्हापासून तो जिनिंगमध्ये मुलीकडं राहत होता.

"मॅडम, आमच्याकडं गाडी येनं बंद झालं जी."

"कुठली गाडी, शेषरावभाऊ?"

"कचऱ्याची. अन् पान्याची बी. झोन ऑफिसात गेलो, त थो बाबू म्हणे, तिथं कोनी राहतच नाही."

ज्योत्स्नानं स्क्रीन पुढं ओढली. 'सजीव नकाशा' शहरानं दोन वर्षांपूर्वी घेतला होता. ड्रोननं काढलेली छायाचित्रं, विजेचे मीटर, नळजोडण्या आणि मोबाइलचे नोंदलेले पत्ते हे सगळं एकत्र करून तो दर पंधरा मिनिटांनी स्वतःला नव्यानं काढत असे. घंटागाड्या, टँकर, रुग्णवाहिका, अग्निशमन दल, सगळे त्याच्याच सांगण्यावरून धावत. जिनिंगवर बोट ठेवताच अक्षरं उमटली : 'बंद कारखाना. वस्ती शून्य. खात्री ९७ टक्के.'

"मी त हा उभा हाय ना तुमच्यासमोर," शेषराव म्हणाला.

तिनं लगेच दुरुस्तीचा अर्ज भरला. 'सदर ठिकाणी अंदाजे साठ कुटुंबे राहतात' असं लिहून स्वतःचा अंगठा उमटवला. चार सेकंदांत उत्तर आलं : 'कर्मचाऱ्याचे निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य नाही.'

तिनं शेषरावला बसायला खुर्ची दिली आणि नकाशा पुरवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. इशान बर्वे हा तिशीतला, नम्र माणूस होता.

"मॅडम, आकाशातून फक्त टिनाचं छप्पर दिसतं. माणसं दिवसभर आत असतात. विजेचा मीटर वीस वर्षांपूर्वी कापलेला. नळ नाही. सिमकार्डं सगळी गावाकडच्या पत्त्यांवर. मग नकाशा काय समजणार?"

"पण टँकर जात होता ना इतके दिवस?"

"तो जुन्या यादीवरून जात होता. डिसेंबरपासून ती यादी बंद केली."

"अहो, मग मी सांगते आहे ना तुम्हाला. माणूस माझ्यासमोर बसलाय."

"मला पटतंय. पण हातानं बदल करण्याची सोयच ठेवलेली नाही." तो जरा अडखळला. "तुमच्याच निविदेत आहे, मॅडम. कलम चौदा."

ज्योत्स्नाला कलम चौदा पाठ होतं. ते तिनंच लिहिलं होतं : 'नकाशात अनिश्चित क्षेत्र असू नये, तसेच कोणत्याही अधिकाऱ्यास वा कर्मचाऱ्यास हाताने बदल करता येऊ नये.' जुन्या नकाशावर तिनं काय काय पाहिलं होतं! मैदानाचं आरक्षण एका रात्रीत पुसलं जाई, नाला सरकून कुणाच्या तरी प्लॉटमधून बाहेर पडे. एकदा एका नगरसेवकानं तिच्या हाताला धरून रेघ ओढायला लावली होती. नवी निविदा लिहिताना तिनं ठरवलं, आता कुणाचाच हात नको. कलम वाचून आयुक्तांनी भर बैठकीत तिचं कौतुक केलं होतं.

"जिनिंगमधल्या लोकांनी आपापले फोन त्या पत्त्यावर नोंदवले तर?" तिनं विचारलं.

"होईल की. निम्म्या लोकांनी नोंदवले तरी नकाशा स्वतःहून बदलेल. फक्त पत्ता नोंदवायला तो आधी नकाशात असावा लागतो."

तिनं फोन ठेवला. शेषराव समोर बसून सगळं ऐकत होता.

"मी स्वतः येते," ती म्हणाली. "फोटो काढते, माणसं मोजते, आयुक्तांपुढं ठेवते. सोमवारी येते."

"या जी. आल्यावर चहा पिऊनच जा."

त्या सोमवारी दिल्लीहून पाहणी पथक आलं. वेणापूरचा नकाशा इतर शहरांना दाखवण्याजोगा आहे का, हे त्यांना बघायचं होतं, आणि सादरीकरण ज्योत्स्नाकडं होतं. पुढच्या सोमवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या सोमवारी संक्रांत होती. शेषरावनं एकदा फोन करून फक्त तब्येतीची चौकशी केली. पाणी ते आता दीड किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावरून आणत होते, असं त्यानं बोलता बोलता सांगितलं.

जानेवारीच्या चोवीस तारखेला सकाळी साडेसातला संत्र्यांच्या शीतगृहात अमोनियाची नळी फुटली.

हे शीतगृह आदर्श कॉलनी आणि जिनिंग यांच्या मधोमध होतं. अमोनिया एरवी हलका, वर निघून जाणारा वायू. पण दाबाखालून सुटला की तो गारठतो, दमट हवेत पांढरा ढग होतो आणि जमिनीलगत सरपटतो. त्या दिवशी धुकं होतं, वारा जवळपास नव्हता. ज्योत्स्ना नियंत्रण कक्षात पोचली तेव्हा भिंतीएवढ्या पडद्यावर तो ढग पूर्वेला, कॉलनीच्या दिशेनं सरकताना दिसत होता. कॉलनीतल्या चार हजार माणसांच्या फोनवर घराबाहेर पडण्याची सूचना गेली होती. बसगाड्या निघाल्या होत्या. आयुक्त लोटलीकर खुर्ची सोडून पडद्यासमोर उभे होते. त्यांचा आवाज शांत होता. ते कामाचे अधिकारी होते, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं.

नकाशानं उपाय सुचवला. अग्निशमन दलानं पूर्वेला पाण्याच्या फवाऱ्यांचा पडदा उभारायचा, मोठे पंखे लावायचे आणि ढग पश्चिमेकडं वळवायचा. पश्चिमेच्या पट्ट्यावर अक्षरं होती : 'वस्ती शून्य.'

"सर, पश्चिमेला जिनिंग आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "तिथं माणसं राहतात."

आयुक्त वळले. "नकाशात नाहीत."

"नकाशात नाहीत, पण राहतात. साठेक कुटुंबं."

"साठेक म्हणजे किती माणसं?"

"नक्की नाही सांगता येत. अडीचशे असतील."

"तुम्ही स्वतः पाहिलंय?"

एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणायला हवं होतं, असं तिला पुढं कित्येक महिने वाटत राहिलं. पण ती आयुष्यभर मोजणीत वाढलेली बाई होती. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगायची तिला सवय नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

आयुक्तांनी अग्निशमन दलाच्या प्रमुखांशी बोलायला माइक हातात घेतला. "फुलझेले, पूर्वेचा पडदा सुरू करा. आणि एक माणूस पश्चिमेला पाठवून खात्री करून घ्या."

ज्योत्स्ना दाराबाहेर धावली आणि शेषरावला फोन लावला. सातव्या रिंगला त्यानं उचलला.

"भाऊ, गॅस सुटलाय. तुमच्याकडं येतोय. सगळ्यांना उठवा. ओलं फडकं नाकातोंडावर धरायला सांगा. मागच्या भिंतीकडून रेल्वेरुळाकडं पळा, फाटकाकडं जाऊ नका!"

"पानी नाही जी घरात," तो म्हणाला. "काल आननंच झालं नाही. बरं. मी सांगतो समद्याले. तुमी ठेवा फोन."

त्याचा ओरडण्याचा आवाज तिला ऐकू आला. भल्या मोठ्या माळावर आकडा सांगताना तो असाच ओरडायचा. मग फोन बंद झाला.

फुलझेलेंचा माणूस वळसा घालून जिनिंगच्या फाटकाशी पोचायला अकरा मिनिटं लागली. बाराव्या मिनिटाला रेडिओवर त्याचा खोकला ऐकू आला आणि मागून शब्द आले, "साहेब, इथं माणसं आहेत. लहान पोरं आहेत." आयुक्तांनी त्याच क्षणी पंखे बंद करायला लावले आणि सहा बसगाड्या पश्चिमेकडं वळवल्या. बसच्या यंत्रानं जिनिंगचा पत्ता घेतला नाही. शेवटी ड्रायव्हरांनी एकमेकांना विचारत रस्ता काढला.

अकरा माणसं गेली. बाकीची रुळाकडून बाहेर पडली होती. तिसऱ्या शेडमध्ये पायानं चालवायच्या शिवणयंत्रांच्या आवाजात कुणाला हाक ऐकू गेली नव्हती, म्हणून शेषराव आत शिरला. दोन म्हाताऱ्या बायांना घेऊन तो बाहेर आला आणि पुन्हा आत गेला, तो परत आलाच नाही. त्याची मुलगी सुनंदा रुळावर उभी राहून हे पाहत होती. तिनंच नंतर ज्योत्स्नाला सांगितलं. रागानं नाही, कोरड्या आवाजात. सुनंदाच्या हातावर फोड आले होते. ज्योत्स्नानं तेवढी पट्टी बदलून दिली.

चौकशी समिती नेमली गेली. नकाशात मृत्यूची नोंद करायची तर राहण्याचं ठिकाण लागे. जिनिंगचा पत्ता नव्हता, म्हणून नकाशानं अकरा जणांना त्यांच्या सिमकार्डांच्या गावी नेऊन ठेवलं. अहवालाच्या मसुद्यात 'बाहेरगावच्या अकरा व्यक्ती' असे शब्द होते. ज्योत्स्नानं समितीपुढं जबाब दिला. कलम चौदा आपण लिहिलं, डिसेंबरात आपल्याला कळलं होतं, आणि आपण तीन सोमवार गेलो नाही, असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. वकिलानं तिला तसं न करण्याचा सल्ला दिला होता.

फेब्रुवारीत आयुक्तांनी कंपनीला बोलावलं. इशान आला. तोही खचलेला दिसत होता.

"नकाशाला शंका येतच नाही का?" आयुक्तांनी विचारलं.

"येते, सर. सत्याण्णव टक्के म्हणजे तीन टक्के शंका. शिवाय जिथं वर्षानुवर्षं कुणी जाऊन पाहिलेलं नाही, तीही जागा त्याला ठाऊक असते. ते करड्या रंगात दाखवता येतं. सुरुवातीपासून येत होतं. कलम चौदामुळं आपण बंद ठेवलं होतं."

"दाखवा."

इशाननं एक कळ दाबली. भिंतीवरच्या स्वच्छ, रंगीत वेणापूरवर करडे डाग उमटू लागले. आधी कडेला, मग नदीकाठी, रेल्वेच्या जागेत, बाजार समितीच्या मागं, आणि मग मधल्या शहरातही. कोपऱ्यात आकडा थांबला : तीनशे अठरा. दिल्लीच्या पथकानं वेणापूरची निवड केल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं.

"बंद करा ते," आयुक्त म्हणाले. "आधी काय करायचं ते ठरवू. हे असं बाहेर गेलं तर लोक घाबरतील."

"सर, बंद करण्याआधी मला एक प्रत हवी," ज्योत्स्ना म्हणाली. "कागदावर."

"त्याचं काय करणार?"

"जाऊन बघते."

आयुक्तांनी नाही म्हटलं नाही. हो असंही म्हटलं नाही. इशाननं मान खाली घालून प्रत काढून दिली.

मार्चमध्ये तिच्या निलंबनाचा आदेश निघाला. त्यानंतर तिला वेळच वेळ होता. सकाळी उन्हं चढायच्या आत ती वही घेऊन निघायची, एक एक डाग गाठायची, माणसं मोजायची. काही ठिकाणी खरंच काही नव्हतं, नुसती बाभळीची झुडपं. एका ठिकाणी बंद शाळेत नऊ घरं होती. एका ठिकाणी पुलाच्या कमानीखाली बत्तीस माणसं होती आणि त्यातली एक बाई दिवस भरत आलेली. ज्योत्स्ना सगळं तारखेसह लिहीत होती. ते कुठल्या यंत्राला मान्य होईल याची तिला कल्पना नव्हती.

एकेचाळिसावा डाग बाजार समितीच्या मागं होता. धान्याच्या जुन्या ओट्यांना आडोसे बांधून लोक राहत होते. एक पन्नाशीची बाई चिंचा फोडत बसली होती. ज्योत्स्नानं नाव विचारलं तेव्हा तिनं हातातला दगड खाली ठेवला नाही.

"काहून पायजे नाव?"

"नकाशात नोंद करायची आहे. तुम्ही इथं राहता, हे महापालिकेला कळायला हवं. उद्या आग लागली, काही झालं, तर गाडी आली पाहिजे ना."

बाईनं चिंचोके एका बाजूला केले. बाकीच्या आडोशांतून दोघी-तिघी बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यांवर भीती होती, आणि ती आगीची नव्हती.

"बाई, तुमी भल्या दिसता," ती म्हणाली. "आमाले बारा वर्षं झाली इथं. कोनाले दिसलो नाही, म्हणून टिकलो. आता तुमी लिवून घ्यान, आमी नकाशात येऊ. खरं सांगा, मंग आमच्याकडं पयले काय येईन? पान्याचा टँकर, का बुलडोझर?"