वीस नळ्या कमी

दारात एक उंच माणूस उभा होता आणि त्याच्या हातातल्या वेलचीच्या गोड बनपावावर केशरी बुरशी उगवली होती.

"ही तुमची का?" त्यानं विचारलं.

माझीच होती. आमच्या उप्सालाच्या प्रयोगशाळेतून ती हवेबरोबर कुठंही जायची, पण कुणाच्या खाण्यावर बसायची ही पहिलीच वेळ. मी माफी मागितली. तो म्हणाला, माफी राहू द्या, बुरशी दाखवा.

त्याचं नाव याल्मार. बर्गन शहरातून तो शेवाळांचा अभ्यास करायला आला होता. मेअखेर परतणार होता.

मला बुरशीच्या चारशे नळ्या मोजायच्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक इवल्या नळीत आठ बीजाणू ओळीनं बसलेले, चार काळे, चार फिके. काळे सगळे एका टोकाला असले तर 'सरळ', नाहीतर 'अदलाबदल'. अदलाबदलीची टक्केवारी काढून निम्मी केली, की रंगाचं जनुक गुणसूत्राच्या कमरेपासून, म्हणजे सेंट्रोमिअरपासून, किती दूर ते कळतं. रोज दुपारच्या कॉफीनंतर वीस नळ्या. मी बघून सांगायची, तो शेजारी बसून लिहायचा.

"हळू सांग गं," तो म्हणायचा. "मला कुठं गाडी पकडायचीय?"

पकडायची तर होतीच... त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं आणि मी एकच नळी दोनदा बघत बसायची. चारशे पुऱ्या होऊच नयेत असं वाटायचं. पण 'थांब' म्हणायची छाती होत नव्हती.

विसाव्या दुपारी मी बेरीज केली. तीनशे ऐंशी. पुन्हा केली, तेवढीच.

"मी चारशे सांगितल्यात, याल्मार."

"हो..." तो खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघू लागला. "रोजची पहिली मी लिहिलीच नाही. सरळ असो की अदलाबदल, पहिली सोडायची हे आधीच ठरवलं होतं. तुझं अंतर बिघडणार नाही."

वहीत लपवाछपवी म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. मला रागवायला हवं होतं.

"का पण?"

"उद्या गाडी आहे. म्हटलं, वीस कमी पडल्या तर... तू थांब म्हणशील."

मी घाईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सगळे बीजाणू पुसट दिसत होते.

"थांब," मी म्हणाले.

"आणि वीस झाल्यावर?"

"विसावी सापडायला मला फार वेळ लागणार आहे."

मग मी पहिली नळी सांगितली — अदलाबदल. या वेळी त्यानं ती लिहिली, पण डाव्या हातानं. उजवा माझ्या हातात होता.