निळ्या गुहेतलं बोलणं

लाइफ जॅकेटचे पट्टे तिनं उलटे बांधले होते. म्हणजे पुढचे मागे, आणि मागचे कुठेच नाहीत. धक्क्याच्या टोकाला उभी राहून ती मान वळवून स्वतःचीच पाठ बघायची धडपड करत होती. तेवढ्यात कुणीतरी मागे लोंबणारा पट्टा अलगद धरला, पुढे आणला आणि तिच्या हातात दिला.

"अहो, सांगायचं तरी!" ती दचकून वळली.

समोर एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. ओल्या केसांतून पाणी गळत होतं. त्यानं बोलायला तोंड उघडलं... मग मिटलं... आणि पट्टा कुठे अडकवायचा ते नुसत्या बोटानं दाखवलं.

'काय शिष्ट माणूस आहे!' तिच्या मनात आलं.

"ठमे, चल लवकर! ओहोटी तुझ्यासाठी थांबणार नाही!" होडीतून मावशीची हाक आली. मावशी पस्तीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. होडीत सगळ्यांत आधी चढून तिनं पुढच्या फळीवर ठाण मांडलं होतं. बेटावरची सुट्टी ही तिचीच कल्पना, आणि समुद्रातल्या गुहांमध्ये पोहायचं, हीसुद्धा. भाचीलाही पोहता येत होतं, पण तलावात. जिथे तळाच्या फरशा दिसतात, मोजता येतात, अशा पाण्यात.

होडी चालवणाऱ्याला सगळे काकाच म्हणत. काकांची जीभ होडीच्या इंजिनापेक्षा जोरात चालायची. खडक, मासे, वारा, सगळ्याची माहिती देऊन झाल्यावर त्यांनी त्या तरुणाच्या पाठीवर थाप मारली. "हा आमचा पुतण्या. गुहेत तुम्हाला हाच नेणार. पाण्यात याचा हात कुणी धरणार नाही. बोलताना जरा अडतो, म्हणून बोलायचं खातं माझ्याकडे!"

होडीतले सगळे पर्यटक हसले. पुतण्याही हसला, पण समुद्राकडे बघत. मग त्यानं मावशीला काहीतरी सांगायला सुरुवात केली, "आ... आत ग-ग..."

"आत गेल्यावर दोर सोडायचा नाही!" काकांनी वाक्य उरकून टाकलं.

तिचे कान गरम झाले. शिष्ट म्हटलं होतं आपण याला! ती कानाच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर काचेच्या छोट्या खोलीबाहेर बसून लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची. बोलणं अडणारी मुलंही आईवडिलांचं बोट धरून तिच्याकडे यायची. तिनं एवढं तरी ओळखायला हवं होतं.

मावशीनं मात्र त्याला तिथल्या तिथे टोपणनाव देऊन टाकलं. "हे तर पाणमांजर आहे गं! बघ ना, पाण्यात कसं सरकलं ते."

खरंच, तो पाण्यात उतरला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

गुहेचं तोंड इतकं बुटकं होतं, की आत शिरताना हनुवटी पाण्याला टेकवावी लागायची. सगळे एकामागून एक दोर धरून आत गेले. मावशी तर सगळ्यांच्या पुढे. भाची मात्र शेवटी, दोर दोन्ही हातांनी घट्ट आवळून. डोक्यावरून थंड खडक सरकला, क्षणभर काळोख झाला, आणि मग...

मग सगळं निळं झालं.

उजेड वरून येतच नव्हता. तो येत होता खालून, पाण्यातून. खडकाच्या पोटाशी कुठेतरी एक फट होती आणि तिथून ऊन पाण्याखालून आत शिरत होतं. तिचे हात निळे, बोटं निळी, छतावर हलणारी नक्षीही निळी. वरून एक थेंब पडला, टप्... आणि कितीतरी वेळ तो पडतच राहिला, भिंतीभिंतींतून.

"दोर सोडून बघा," शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. तोच होता.

"पाठीवर झोपा. कान पाण्यात जाऊ द्या. पाणी तुम्हाला धरून ठेवतं, तुम्ही त्याला धरायची गरज नाही."

शब्द गुळगुळीत दगडांसारखे एकामागून एक आले होते. एकही अडला नव्हता. भिंतींनी ते उचलले आणि हळूच परत आणून दिले... गरज नाही... गरज नाही...

"तुम्ही बोलताय!" ती पटकन म्हणून गेली, आणि जीभ चावली.

तो हसला. निळ्या उजेडात त्याचे दात चमकले. "इथे बोलतो. बाहेर काका बोलतात."

तिनं एक हात सोडला. मग दुसरा. पाण्यानं तिला खरंच धरलं. छतावरची नक्षी हलत होती आणि कानांत फक्त स्वतःचा श्वास होता. तिच्या डोक्याखाली एक तळहात होता. टेकलेला नाही... असावा म्हणून असलेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा होती. मावशीचा गुडघा नेमका त्याच दिवशी दुखायला लागला. "तू जा. मी किनाऱ्यावर बसते, पुस्तक वाचते." पुस्तक तिनं बरोबर आणलंच नव्हतं, हे भाचीच्या लक्षात आलं. जॅकेटचे पट्टे मात्र तिनं आज बरोबर बांधले.

बाकीची मंडळी बाहेरच्या दालनात हुंदडत राहिली. त्यानं तिला आतल्या छोट्या दालनात नेलं. तिथे बसता येईल एवढा एक खडक होता, अर्धा पाण्यात.

"मला माहितीये तुमचं बोलणं इथे का मोकळं होतं," ती पाय पाण्यात सोडून बसत म्हणाली. "आपलाच आवाज जरा उशिरानं परत ऐकू आला, की काही जणांचं अडणं कमी होतं. आमच्याकडे त्याचं यंत्रसुद्धा असतं."

"अस्सं?" त्याच्या डोळ्यांत खट्याळपणा आला. "मला वाटलं होतं, काका इथे येत नाहीत म्हणून!"

ती खळखळून हसली. भिंतीही हसल्या, जरा उशिरानं.

"अकरा वर्षांचा होतो," तो म्हणाला, "शाळेत कविता म्हणताना पहिल्या ओळीतच अडलो. मास्तरांनी उरलेली कविता शेजारच्याला म्हणायला लावली. मी पळत सुटलो, तो पोहत इथे आलो. आणि अख्खी कविता म्हटली. दोनदा." तो थांबला. "तुमच्या यंत्रात चांगलंच असेल ते. पण इथे मला वाटलं, कुणाला तरी मी परत परत ऐकायला हवा आहे."

पाणी खडकाला हळूच थापट्या मारत होतं.

"आणि तुम्ही? दवाखान्यात नेमकं काय करता?"

"लोकांना काय ऐकू येत नाही, ते शोधते."

"सापडतं?"

"बहुतेक वेळा."

"मग..." त्यानं ओंजळीत निळं पाणी घेतलं, बोटांतून सोडलं. "मी न बोललेलं काही ऐकू येतंय का, बघा बरं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही नजर हटवली नाही. तिच्या गालावर एक ओली बट चिकटली होती, ती बाजूला करायला त्याचा हात उचलला गेला... आणि मध्येच थबकला. तिनंच ती बट मागे सारली. दोघंही उगाच हसले. बाहेरून काकांची शिट्टी ऐकू आली. पाणी चढायला लागलं होतं.

परतताना होडीत ती त्याच्यासमोरच बसली होती. ऊन तिरपं झालं होतं, वारा सुटला होता. काका मागे इंजिनाशी होते. तो पुढे झुकला, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले. "त-तुम्ही प... पर..."

त्याच्या मानेची शीर ताणली. तिला ते बघवेना. होडीतली दोन माणसं वळून बघायला लागली होती, आणि तिला वाटलं, आता याला सोडवावं.

"परवा!" ती घाईनं म्हणाली. "परवा सकाळच्या बोटीनं निघणार आम्ही."

त्यानं तोंड मिटलं. मान हलवली, सभ्यपणे. काकांपुढे हलवायचा, अगदी तशीच. आणि उठून तो टोकाला जाऊन दोर गुंडाळत बसला.

"तो ते विचारत नव्हता, ठमे," संध्याकाळी खोलीच्या सज्ज्यात टॉवेल वाळत घालताना मावशी म्हणाली. तिनं सगळी हकीगत भाचीकडून काढून घेतली होती.

"मग काय विचारत होता?"

"ते आता कसं कळणार? तू त्याला पुरं करू दिलंस कुठे!"

रोज ती मुलांच्या आईबापांना सांगायची, 'त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, थांबा, कितीही वेळ लागू दे.' आणि ज्याचं वाक्य तिला सगळ्यांत जास्त ऐकायचं होतं, त्याच्याच तोंडून ते तिनं काढून घेतलं होतं. "मी काकांपेक्षा वाईट," ती म्हणाली. "ते सवयीनं करतात. मी दया केली."

"मग उद्या जाऊन गुहेत बोल की त्याच्याशी."

पण उद्या गुहा नव्हतीच. लांब कुठेतरी वादळ झालं होतं आणि त्याच्या लाटा बेटापर्यंत पोचल्या होत्या. धक्क्यावर लाल बावटा लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. तिनं तीन चकरा मारल्या. तो दिसला नाही.

"सकाळपासून वरच्या कड्यावर बसलाय," काका म्हणाले. आज त्यांचाही आवाज उतरला होता. "गुहेच्या तोंडाकडे बघत. लाटा कमी होतात का म्हणून. काय झालंय काय त्याला?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं की. पण..." काका डोकं खाजवायला लागले. "उत्तराची सवय नाही ना मला. मीच देतो ना नेहमी."

तिला कड्यावर जायचं होतं. वाटेवर चार पावलं ती चढलीही. पण तिथे जाऊन म्हणायचं काय? आणि आपण त्याच्यासमोर उभं राहिलो, तर त्याला गुहेबाहेर बोलावं लागणार. ती परत फिरली, आणि रात्रभर त्या परत फिरण्याचा तिला राग येत राहिला.

सकाळी समुद्र अजून फुगलेलाच होता, पण मोठी बोट आली. सामान चढलं. मावशी चढली. भाचीनं बोटीत चढायच्या फळीवर पाय ठेवला, आणि कड्याच्या पायवाटेवरून कुणीतरी धावत येताना दिसलं.

तो तिच्यासमोर येऊन थांबला. धापा टाकत होता. आजूबाजूला माणसं, ट्रंका, टोपल्या, इंजिनाची घरघर. निळा उजेड नाही. आवाज परत आणून देणारी एकही भिंत नाही. सगळं उघडं.

"त-त... तुम..." तो म्हणाला. आणि अडला.

बोटीचा भोंगा वाजला. "चला, चला, फळी काढायचीय!" कुणीतरी ओरडलं.

काका मागून आले होते. त्यांचं तोंड उघडलं. तिनं नुसता हात वर केला. काकांनी तोंड मिटलं.

"अगंबाई! मला चक्कर येतेय!" बोटीतून आवाज आला, आणि पस्तीस वर्षं उन्हात उभी राहून कधीच चक्कर न आलेली तिची मावशी फळीच्या बरोबर मधोमध बसली. "कुणी हलवू नका हं मला! पाच मिनिटं!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांवर आलं होतं, तिनं ते गिळलं. त्याची मान ताणली, डोळे घट्ट मिटले, उघडले. तिनं नजर हलवली नाही.

"त-तुम्ही... प... पर... परत याल का, हे व-विचारायचं होतं मला. त... त्या दिवशी." त्यानं श्वास घेतला. "आज ते न-नाही विचारायचं."

"मग?"

"आज स... सांगायचंय. म-मला... त-तू... तू आ..."

अक्षर लांबत गेलं. भोंगा पुन्हा वाजला. कुणीतरी हसलं, कुणीतरी 'श्श' केलं. तिचे डोळे भरून आले, पण ते दयेनं नव्हे. आजवर तिच्यासाठी कुणी एवढे कष्ट घेऊन एक वाक्य बोललं नव्हतं.

"...आवडतेस."

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

तो गोंधळला. "क... का? ऐ-ऐकू नाही आलं?"

"आलं. पण मला परत परत ऐकायचंय."

तो हसला. घामानं चेहरा निथळत होता. तिनं त्याचे दोन्ही हात हातांत घेतले. या वेळी मध्येच कुणी थबकलं नाही.

"ठमे," मावशी फळीवरून टुणकन उठली, "मला आता बरं वाटतंय. मी चालले. तू उद्याच्या बोटीनं ये. दवाखान्यात मी फोन करते, तुला ताप आहे म्हणून!"

"मावशी! पण माझी बॅग?"

फळी निघाली होती. बॅग मावशीबरोबर बोटीत, आणि मावशी कठड्याशी उभी राहून जोरजोरात हात हलवत होती.

धक्क्यावर गर्दी पांगली. काका काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी स्वतःलाच आवरलं आणि होडीकडे निघून गेले. दोघं चढणीच्या रस्त्याला लागली. ऊन कोवळं होतं, खाली लाटा फुटत होत्या. अर्ध्या चढावर त्यानं पुढचं वाक्य सुरू केलं. ते पुरं व्हायला वरचं वळण यावं लागलं. ती त्याचा हात धरून, त्याच्या पावलांनी चालत राहिली आणि मग म्हणाली, "हो."

त्यानं तिला विचारलं होतं, नाश्त्याला घरी येतेस का... आई वाट बघतेय.