कोरसा ठाकराची लेक

जेवणं आटोपली होती. भैय्याजी अंगणातल्या खाटेवर टेकले. अंकित आणि रक्षा, त्यांची नातवंडं, जवळ सरकली.

"श्रावण मह्या ओळखीचा. खोटं बोलणारा माणूस नव्हता," भैय्याजी म्हणाले, आणि सांगू लागले.

श्रावण परधान. गढीवरच्या ठाकरांच्या पिढ्या किंगरीच्या तारांवर गायच्या, हे त्याच्या घराण्याचं काम. पौषातली अमावस्या, रविवार. अल्लीपूरला एका तेरवीत दुपारपासून तो कोरसा ठाकराचं घराणं गात होता. ऐकणारे मोबाईलकडे बघत होते. घसा बसला, गुडघे धरले, आणि रात्री पावणेबाराला तो लुनावर हिंगणघाटकडे निघाला.

जुन्या गढीच्या टेकडाखाली पूल आहे. तिथं लुना बंद पडली. कठड्यावर घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता.

"थकला का रे, श्रावण?"

आपलं नाव याला कसं ठाऊक, हे विचारायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. तो बाजूला टेकला.

"मीही थकलो. कोरसा ठाकराचं घराणं म्हण जरा."

श्रावणनं किंगरी काढली. कोरसा ठाकूर, सहाशे वर्षांपूर्वीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळातला गढीवाला. त्याची राणी. थोरला वीरसा, लढाईत पडला. धाकटा मानसा, त्यानं तळं खोदलं.

"अजून?"

"संपलं जी."

"लेक?"

"लेक नव्हती त्याले."

म्हाताऱ्यानं मान हलवली.

"होती. लोक उपाशी मरून राह्यले होते. तिनं गढीचं धान्याचं पेव उघडून देल्लं. मी तिले बाहेर काढलं... दरवाजा लावला. तुह्या पूर्वजाले सांगतलं, हिचं नाव गाण्यातून काढ."

श्रावणनं किंगरीचा गज खाली ठेवला.

"रात्रभर दार वाजवे ती... मंग नाई वाजवलं."

थंडी. वारा नाही. कुत्रंही नाही.

"नाव काय जी तिचं?"

"तेच तर..." म्हाताऱ्यानं वर गढीकडे पाहिलं. "मलेच आठवत नाई. म्हणून बसतो इथं. येणाऱ्याजाणाऱ्याले इचारतो."

श्रावणला भीती वाटायला हवी होती. पण त्याला म्हाताऱ्याची कीव आली. तो म्हणाला, "नाव मले ठाऊक नाई. पण लेक होती, हे मी म्हणीन. जलमभर."

त्यानं पुन्हा पहिल्यापासून गायलं. मानसानंतर थांबला नाही. एक लेक होती... तिनं पेव उघडलं... लोक जगले.

मागून कोणीतरी हुंकार दिला.

बाईचा.

श्रावणनं वळून पाहिलं नाही. समोर पाहिलं. कठडा रिकामा.

लुना पहिल्याच पायडलला सुरू झाली.

घरी पंचफुलानं, त्याच्या बायकोनं, दार उघडलं. कंदील वर धरला.

"कोणाच्या घरी भाकरी खाऊन आले?"

"काऊन?"

त्याच्या उजव्या खांद्यावर, काळ्या कोटावर, ज्वारीच्या पिठाचा पंजा उमटला होता. पाच बोटं, नीट. पंचफुलानं त्यावर आपला हात ठेवून पाहिला; पंजा बाईचाच होता, तिच्याहून लहान.

पीठ अजून ओलं होतं.